त्वचारोपण व त्वचादान

शरीराच्या एका भागाची किंवा दुसऱ्या व्यक्तीची त्वचा जखमेवर बसवण्याची शस्त्रक्रिया. सांगली-साताऱ्याकडे ‘मांडीची कातडी काढून लावली’ असे म्हणतात ते स्वत्वचारोपण होय. मृत दात्याची त्वचा वापरणे ही त्याहून वेगळी आणि बरीच अलीकडची पद्धत.

या शस्त्रक्रियेचे मूळ वादग्रस्त आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय 16) तुटलेले नाक गालाच्या कातडीने सांधण्याची कृती आहे. नाकाच्या मापाचे पान घेऊन तेवढी कातडी गालावरून सोडवायची, मात्र एका बाजूने जोडलेलीच ठेवायची आणि श्वासासाठी दोन नळ्या घालायच्या. ग्रंथाचा काळ इ. स. पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत मानला जातो. उपलब्ध संहिता अनेक थरांची असल्याने तिच्या आजच्या रूपासाठी नंतरची मर्यादा अधिक संभाव्य दिसते. कपाळाची कातडी वळवण्याच्या रीतीची प्रसिद्ध नोंद पुण्याची आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या इंग्रज फौजेतील बैलहाक्यावर झालेल्या शस्त्रक्रियेचे वर्णन ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आले. ती करणारा वीटकाम किंवा कुंभारकाम करणाऱ्या जातीचा होता, वैद्य नव्हे. त्यामुळे ही रीत थेट सुश्रुतापासून आली, असे म्हणण्यापेक्षा ती कारागिरांत स्वतंत्रपणे टिकली, हे मत ग्राह्य वाटते. लंडनचे शल्यविशारद कार्प्यू यांनी 1814 मध्ये ती अवलंबली.

या दोन्ही रीतींत कातडीचा रक्तपुरवठा तुटत नाही. परत्वचारोपणाचा (दुसऱ्या व्यक्तीची त्वचा लावण्याचा) उगम त्यांत दाखवणे ओढाताणीचे आहे. पूर्ण सुटी कातडी लावण्याचे प्रयत्न युरोपात एकोणिसाव्या शतकात झाले (शल्यविशारद ब्यूंगर, सु. 1823, व रेव्हर्डिन, 1869). परक्याची कातडी शरीर का झिडकारते, याचा उलगडा ब्रिटिश शास्त्रज्ञ मेडावार यांच्या 1940 च्या दशकातील प्रयोगांनी झाला. भाजलेल्या रुग्णावर दुसऱ्यांदा लावलेली त्याच दात्याची त्वचा पहिल्यापेक्षा लवकर गळाली, त्यावरून हे प्रतिक्षमतेचे (रोगप्रतिकारशक्तीचे) कार्य असल्याचे कळले.

म्हणूनच दात्याची त्वचा कायमची राहत नाही. सुमारे दोन-तीन आठवडे ती जैविक मलमपट्टीचे काम करते: द्रव व प्रथिने झिरपणे थांबते, जंतुसंसर्ग व वेदना कमी होतात. तेवढ्या अवधीत रुग्णाची स्वतःची त्वचा टप्प्याटप्प्याने लावता येते. गुऱ्हाळातील काहिलीचा उकळता रस अंगावर सांडून खोल भाजल्यास हा अवधी मोलाचा ठरतो. सौंदर्यशस्त्रक्रियेत दात्याची पेशीविरहित अंतस्त्वचा (पेशी काढून टाकलेला त्वचेचा आतला थर) व बरगडीची कूर्चाही (मऊ, लवचीक हाड) वापरतात.

भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा. 2011 च्या दुरुस्तीने त्यात ऊतीही आल्या. त्वचा साधारणपणे मृत्यूनंतर सहा तासांत, मांड्या, पाय व पाठीवरून पातळ थराने काढतात. शरीर विद्रूप होत नाही. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये शीत तापमानात ती काही वर्षे टिकते. एचआयव्ही, ब व क प्रकारची कावीळ, रक्तातील जंतुसंसर्ग किंवा त्वचेचा कर्करोग असलेल्यांची त्वचा घेत नाहीत.