वेळेचा जमाखर्च : रोजकीर्दीपासून मुक्त सॉफ्टवेअरपर्यंत

रोजकीर्दीत पैसा येतो, वेळ येत नाही. बेळगावच्या रविवार पेठेतल्या जुन्या दुकानांत मुनीमजी दिवस मावळताना जमा-नावे लिहून शिल्लक काढायचे आणि मग त्या रकमा खतावणीत ज्याच्या त्याच्या नावावर चढवायचे. हमालाने किती तास पोती उचलली, मुनीमजी स्वतः गादीवर किती वेळ बसले, याला त्या लाल वहीत रकाना नव्हता. रोजनिशीचेही फारसे वेगळे नाही. पेशवे दफ्तरातल्या रोजनिश्या म्हणजे हुकूम, खर्च आणि नेमणुका यांची सरकारी टिपणे. मनातले लिहून ठेवायची खासगी डायरी आपल्याकडे रुळली ती इंग्रजी अमदानीत.

वेळ मोजली जायची, पण ती कारखान्यात, आणि मोजणारा दुसराच. अमेरिकेतल्या ऑबर्न गावचे जवाहिरे विलर्ड बंडी यांनी १८८८ मध्ये कामगारांची येण्याजाण्याची वेळ छापणारे घड्याळ बनवले. त्यांच्या कंपनीचे पुढे विलीनीकरण होत होत १९११ मध्ये जी मोठी कंपनी उभी राहिली, तिनेच १९२४ मध्ये आयबीएम हे नाव घेतले. संगणकाच्या धंद्यातल्या एवढ्या थोरल्या घराण्याचा एक मूळपुरुष हजेरीचे घड्याळ असावा, हे मला तरी फार बोलके वाटते.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ आणि दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली, त्यावरच्या कामाला दुप्पट मजुरी ठरवली. पण जादा तास मागायचे तर ते दाखवता आले पाहिजेत, आणि दाखवायचा कागद मालकाच्या टेबलावर. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा मशिन शॉपमध्ये काम केलेल्याला हे समजावून सांगायला नको. मस्टर सुपरवायझरकडे, जॉब कार्डवर सेटिंगला किती आणि मशिनिंगला किती हे लिहिणाराही तोच, आणि महिनाअखेरीस ओव्हरटाइमचे तास जुळले नाहीत की वादावादी ठरलेली. तिकडे निपाणीत विड्या वळणाऱ्या बायांची मजुरी हजारावर. तिथे हजार विड्या वळायला किती तास गेले, हे विचारायचे कारणच कुणाला पडत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरने, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरने, यात जो फरक केला तो इथे आहे. काम करणाऱ्याची नोंद त्याच्या स्वतःच्या फाइलीत गेली.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यातला इमॅक्स हा म्हटले तर मजकूर लिहायचा एडिटर, पण त्याचे वापरकर्ते त्यातच दिनदर्शिका, डायरी, पत्रव्यवहार सगळे मांडून बसतात. १९९९ च्या सुमारास जॉन विग्ली यांनी त्याच्यासाठी टाइमक्लॉक नावाची छोटी जोडणी लिहिली. तिची फाइल उघडून पाहण्यासारखी आहे. कामाला बसलात की एक ओळ पडते: सुरुवातीला आत आल्याची खूण म्हणून एकच अक्षर, मग तारीख, वेळ आणि कामाचे नाव. उठलात की दुसरी ओळ, तिच्या सुरुवातीला बाहेर पडल्याचे अक्षर. बस्स. ना डेटाबेस, ना खाते उघडायची भानगड. उद्या इमॅक्स जगातून नाहीसा झाला तरी कुठल्याही साध्या एडिटरमध्ये ती फाइल वाचता येईल.

याच विग्लींनी २००३ मध्ये लेजर हा हिशेबाचा प्रोग्रॅम केला. दुहेरी नोंद पद्धतीची, म्हणजे प्रत्येक रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात गेलेली दाखवणारी खतावणी, पण सगळी साध्या मजकुरात. आणि लेजरला टाइमक्लॉकच्या त्या दोन-दोन ओळीही वाचता येतात. म्हणजे किराणा, घरभाडे, उधारी ज्या रीतीने खात्यावर पडतात त्याच रीतीने एखाद्या कामाच्या खात्यावर तास पडतात, आणि शेवटी बेरीज मागता येते. रविवार पेठेतल्या वहीत जो रकाना नव्हता तो इथे आला. मुनीमजींनी हे पाहिले असते तर त्यांना पद्धत ओळखीची वाटली असती, फक्त रकमेच्या जागी तास पाहून भुवया उंचावल्या असत्या.

त्याच वर्षी कार्स्टेन डॉमिनिक या अ‍ॅमस्टरडॅममधल्या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःची टिपणे आणि कामे एकाच जागी ठेवायची म्हणून ऑर्ग-मोड लिहायला घेतला. २००७ मध्ये तो इमॅक्स २२ बरोबर घरोघरी पोचला. वेळेची नोंद आणि रोजनिशी या दोन वाटा खऱ्या अर्थाने एकत्र आल्या त्या इथे. कामाचे शीर्षक लिहायचे, त्याखाली घड्याळ सुरू करायचे आणि मध्ये जे सुचेल, अडेल, चिडचिड होईल ते तिथेच लिहून टाकायचे. घड्याळ थांबवले की त्या शीर्षकाखाली सुरुवातीची व शेवटची वेळ चौकोनी कंसांत बसते आणि पुढे बाण काढून एकूण तास-मिनिटे येतात. आठवड्याचा तक्ता एका आज्ञेत तयार. शिकायला मात्र अवघड. कीबोर्डवरच्या कळांची ती लांबलचक कसरत पाहून पहिल्याच दिवशी नाद सोडणारे पुष्कळ, आणि त्यांना नावे ठेवायचे कारण नाही.

माऊसवर काम करणाऱ्यांसाठी हॅम्स्टर हे तास मोजायचे साधन आले आणि २००८ मध्ये लिनक्सवरच्या ग्नोम २.२४ या डेस्कटॉपचा भाग झाले. किमाई २००६ पासूनचे. ते ब्राउझरमध्ये चालते, ग्राहकवार तास मांडते आणि बिलही काढून देते. घरी बसून पुण्या-बेंगळुरूची कामे घेणाऱ्याला ते सोयीचे पडते. टाइमवॉरियर २०१६ चे, कमांडलाइनवरचे, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचे.

त्याच साली स्वीडनमध्ये एरिक ब्यॅरेहोल्ट यांनी अ‍ॅक्टिव्हिटीवॉच सुरू केले, आणि तिथे वळण बदलले. या साधनाला काही सांगावे लागत नाही. समोर कोणती खिडकी उघडी आहे, तिचे शीर्षक काय, कीबोर्ड-माऊसला हात लागून किती वेळ झाला, हे ते आपण होऊन टिपते. असली पाळत ठेवणारी साधने आधीही होती, पण त्यांतल्या बऱ्याच साधनांची माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जायची. अ‍ॅक्टिव्हिटीवॉच ती तुमच्याच मशिनवर ठेवते. तरी जपून वापरावे, असे माझे मत. हेच साधन हापिसातल्या मशिनवर साहेबाने बसवले की ते पुन्हा बंडींचे घड्याळ होते, तेही पहिल्यापेक्षा चौकस. परवाना खुला असला म्हणून मस्टर कोणाच्या टेबलावर आहे हा प्रश्न मिटत नाही.

आता लिपीचे. सीमाभागात हा मुद्दा टाळून पुढे जाता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, आणि तेव्हापासून इथल्या मराठी घरातल्या एकाच पिशवीत जमिनीचा उतारा कानडीत, बँकेचे कागद इंग्रजीत आणि आजोबांची टिपणे मराठीत, क्वचित मोडीत, असा सगळा मेळ असतो. इथल्या माणसाने दिवसाची नोंद लिहायची तर एका पानावर तीन लिप्या नांदल्या पाहिजेत.

बरीच वर्षे ते जमत नव्हते. भारतीय लिप्यांसाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड १९८६ चा, त्यांची अक्षरे संगणकात साठवायचे इस्की हे भारतीय मानक १९९१ चे. पण डीटीपीच्या दुकानांत राज्य होते ते ज्याच्या त्याच्या फॉन्टचे. एकात टाइप केलेली पत्रिका दुसरीकडे उघडली की नुसत्या किड्या-मुंग्या. कानडीसाठी १९९८ मध्ये निघालेल्या बरह या सॉफ्टवेअरने पुढे देवनागरीचीही सोय केली, त्यामुळे दोन्ही भाषांत कामे घेणाऱ्यांची थोडी सुटका झाली. जुन्या फॉन्टांत लिहिलेली रोजनिशी शोधता येत नाही, आणि फॉन्ट हरवला की वाचताही येत नाही. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच संकेतावलीत बसवणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीपासून होत्या, पण पडद्यावर जोडाक्षरे धड दिसायला आणखी बरीच वर्षे गेली. इमॅक्सने आतला कारभार युनिकोडवर नेला तो २००९ मध्ये, आवृत्ती २३ ला. अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही प्रणाली आली २०२० मध्ये, आवृत्ती २७ ला.

अजूनही काही ठिकाणी अडतेच. मॅन्युएल एबर्ट यांचे जर्नल हे २०१२ पासूनचे कमांडलाइनवरचे डायरीचे साधन घ्या. नोंद मराठीत खुशाल लिहा, पण कालची तारीख हवी असेल तर आधी इंग्रजीतला शब्द द्यावा लागतो, ‘काल’ त्याला कळत नाही. खरी गंमत टॅगांची, म्हणजे नोंदीला लावायच्या विषयाच्या खुणांची. हे साधन पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले आहे, आणि पायथनची नेहमीची शोधपद्धत काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षरांत धरत नाही. म्हणून @शेती असा टॅग दिलात की तो @श वरच तुटतो. शेती, शाळा, शेजार सगळे एकाच @श मध्ये गोळा. कानडी लिहिणाऱ्या शेजाऱ्याचीही तीच गत, म्हणजे या बाबतीत तरी सीमावाद नाही. त्यात टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या, ठरावीक रुंदीच्या घरांत जोडाक्षरे नीट बसत नाहीत, ती वेगळीच रड.

म्हणून मराठीत रोज लिहायचे असेल तर मी येंड्रिक साइप यांच्या रेडनोटबुककडे बोट दाखवतो. डावीकडे महिन्याचे कॅलेंडर, मधोमध त्या दिवसाचे पान, आणि डिस्कवर महिन्याला एक मजकूर फाइल. देवनागरी, कन्नड, इंग्रजी एका परिच्छेदात चालते. फोनवरही लिहायचे असेल तर २०१७ पासूनचे जॉप्लिन आहे. तास मोजायला मात्र त्या जुन्या आत-बाहेरच्या दोन ओळी पुरतात. कामाचे नाव मराठीत घाला, तारीख-वेळेचे आकडे तेवढे इंग्रजी ठेवा, कारण देवनागरी आकड्यांची तारीख ऑर्ग-मोडलाही ओळखता येत नाही.