मूळ जोडणीचे टायर (वेगवान मोटारींतील)

मोटार कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या चाकांवर जे टायर असतात, त्यांना मूळ जोडणीचे टायर म्हणतात. सर्वसाधारण मोटारींत त्यांची निवड मुख्यतः किंमत, इंधनबचत आणि आवाज यांवरून होते. वेगवान मोटारींत मात्र टायर हा सस्पेन्शनचाच एक घटक धरला जातो आणि मोटार व टायर यांची आखणी बरोबरीने चालते. अशा टायरांची तुलना करताना पकड आणि असमान झीज हे दोन निकष सर्वाधिक चर्चिले जातात. ते परस्परांत गुंतलेले असल्यामुळे येथे त्यांचा एकत्र विचार केला आहे.

विशिष्ट वेगवान मोटारीसाठी खास टायर घडविण्याचा आरंभ कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो मिशलिनच्या रेडियल टायरपासून, म्हणजे ज्याच्या आतील धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात अशा टायरपासून, धरावा. या टायरचे पेटंट १९४६ मधील असून १९४९ पासून तो ‘एक्स’ या नावाने बाजारात आला. सित्रोएन ही मोटार कंपनी त्या काळी मिशलिनच्याच ताब्यात असल्याने दोन्हींची आखणी एका छत्राखाली होत असे. दुसरे मत १९६८ च्या जॅग्वार एक्सजे६ या मोटारीकडे आणि तिच्यासाठी डनलॉपने तयार केलेल्या रुंद टायरकडे बोट दाखवते. तिसऱ्या मतानुसार पिरेलीचा ‘पी७’ हा खरा आरंभ होय. हा टायर साधारणपणे १९७० च्या दशकाच्या मध्यास लान्चा स्ट्रॅटोस या रॅलीच्या मोटारीच्या निमित्ताने घडला आणि पुढे पोर्शे ९११ टर्बोच्या मूळ जोडणीत आला. ऐतिहासिक अग्रक्रम पहिल्या मताकडे जात असला, तरी प्रस्तुत विषयापुरते तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बुटकी बाजू, रुंद तळ आणि पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळी मापे ही आजच्या वेगवान मोटारीच्या टायरची लक्षणे पी७ मध्ये एकत्र दिसतात, आणि कडेच्या झिजेचा प्रश्नही याच लक्षणांतून तीव्र झाला.

मोटार कंपनीने मान्य केलेल्या टायरच्या बाजूवर संकेतखूण उमटवलेली असते. पोर्शेसाठी एन०, एन१ अशी चढती मालिका, बीएमडब्ल्यूसाठी तारका, मर्सिडीजसाठी एमओ, आऊडीसाठी एओ आणि फेरारीसाठी के या अक्षराने सुरू होणारी खूण रूढ आहे. नाव व माप तेच असूनही खुणेचा आणि बिनखुणेचा टायर रबराचे मिश्रण, पट्ट्यांची बांधणी किंवा बाजूचा कडकपणा यांत भिन्न असू शकतो. त्यामुळे केवळ विक्रीनावावरून केलेली तुलना फसवी ठरते. एकाच मोटारीवर खुणा मिसळू नयेत, असा कंपन्यांचा आग्रह असतो. निदान एका आसापुरता तरी तो रास्त आहे.

रबराच्या पकडीचे स्वरूप हा जुना वादविषय आहे. एका पक्षाच्या मते रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात, त्यातून पकड येते. दुसऱ्या पक्षाच्या मते रस्त्याच्या खडबडीतपणामुळे रबर पुन्हा पुन्हा दबते व उसळते, त्यात ऊर्जा खर्च होते आणि तोच पकडीचा मुख्य उगम होय. के. ए. ग्रॉश यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काचेवर आणि खरखरीत पृष्ठावर, निरनिराळ्या तापमानांना व वेगांना घर्षण मोजले. गुळगुळीत काचेवर घर्षणाच्या आलेखाला एकच उंचवटा आला, खरखरीत पृष्ठावर मात्र दुसराही आढळला. दोन्ही क्रिया खऱ्या आहेत आणि दोन्ही रबराच्या लवचीक-श्यान गुणधर्मांशी (काहीसे स्प्रिंगसारखे उसळणे, काहीसे दाट द्रवासारखे ऊर्जा गिळणे) बांधलेल्या आहेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. ओल्या रस्त्यावर पाण्याच्या पातळ थरामुळे चिकटण्याची क्रिया मंदावते, म्हणून तेथे दुसऱ्या क्रियेचे महत्त्व वाढते. काजळीऐवजी सिलिका वापरलेल्या मिश्रणांनी १९९० च्या दशकात ओली पकड आणि कमी फिरतरोध (टायर फिरताना होणारा विरोध) यांचा मेळ घातला तो याच तत्त्वावर. वेगवान मोटारीचे उन्हाळी टायर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊन पकड गमावतात, तेही याच गुणधर्मांमुळे.

झिजेचा पायाभूत अभ्यास अडॉल्फ शालामाख यांनी १९५० च्या दशकापासून इंग्लंडमध्ये केला. त्यातून निघणारे व्यवहारोपयोगी तत्त्व असे, की आडव्या सरकण्यामुळे होणारी झीज स्लिप अँगलच्या, म्हणजे चाकाचा रोख आणि त्याची प्रत्यक्ष वाटचाल यांतील कोनाच्या, ढोबळमानाने वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोन दुप्पट झाला, तर झीज चौपटीच्या आसपास जाते. चाकांची जुळवणी (व्हील अलाइनमेंट) थोडी बिघडली तरी टायर इतक्या लवकर का जातो, हे यावरून स्पष्ट होते. एखाद्या चाकाचा टो, म्हणजे वरून पाहता चाकाचा आत किंवा बाहेर वळलेला रोख, सरळ रेषेपासून १० कला, म्हणजे अंशाचा सहावा भाग, ढळलेला असेल, तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे २.९ मीटर आडवे ओढले जाते. १०,००० किमी प्रवासात ही आडवी ओढ २९ किमी भरते. तिचा काही भाग रबराच्या लवचिकपणात सामावतो. उरलेली घसरण, टायरचा जो भाग रस्त्यापासून सुटत असतो तेथे एकवटते. अशा टायरच्या तळावरून हात एका दिशेने फिरवला तर तो गुळगुळीत लागतो आणि उलट फिरवला तर करवतीच्या दात्यांसारख्या कडा टोचतात.

कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाचा, परिणाम निराळा आहे. वळणावर मोटार बाहेरच्या बाजूस कलते तेव्हा बाहेरच्या चाकाचा तळ रस्त्यावर पूर्ण टेकावा, म्हणून वेगवान मोटारींत चाके वरच्या टोकाला आत झुकवलेली असतात. तळ २५० मिमी रुंद आणि कल दीड अंश असेल, तर भार नसताना टायरची बाहेरची कडा आतल्या कडेपेक्षा सुमारे साडेसहा मिमी वर राहते. भाराखाली रबर दबून हा फरक भरून निघतो, परंतु दाब आतल्या कडेवर अधिक राहतो. वर्कशॉपमध्ये ‘गाडी आतून टायर खाते’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे खापर सहसा एकट्या कॅम्बरवर फोडले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. कॅम्बर झिजेची जागा ठरवतो आणि झिजेचा वेग बहुतांशी टो ठरवतो, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. जोर लावताना सस्पेन्शनच्या सांध्यांतील रबरी बुश (अस्तरे) दबून मागच्या चाकांचा टो बदलतो, म्हणून उभ्या मोटारीवर अचूक आढळलेली जुळवणीही पुरेसा पुरावा ठरत नाही. त्यातच पुढचे व मागचे टायर भिन्न मापांचे असले, उदाहरणार्थ पोर्शे ९११ जीटी३ च्या ९९२ पिढीत पुढे २५५/३५ व मागे ३१५/३०, तर चाकांची पुढे-मागे अदलाबदल करून झीज सारखी करण्याचा मार्गही बंद होतो.

तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या अधिकृत श्रेणींत असमान झिजेला स्थान नाही. अमेरिकेच्या श्रेणीपद्धतीत टेक्सासमधील सॅन अँजेलोजवळच्या सुमारे ६४० किमी लांबीच्या ठरावीक मार्गावर मोटारींचा ताफा एकूण सुमारे ११,६०० किमी चालवतात. खाचांची खोली मोजून काढलेल्या सरासरीची प्रमाण टायरशी तुलना करतात आणि प्रमाण टायरला १०० मानून झिजेचा अंक देतात. अंतिम अंक टायर कंपनी स्वतः जाहीर करते. मिशलिनच्या पायलट स्पोर्ट ४एस या टायरचा अंक ३०० आणि अधिक पकडीच्या पायलट स्पोर्ट कप २ चा १८० आहे. एकाच कंपनीच्या दोन टायरांचा क्रम लावण्यास हा अंक उपयोगी पडतो. दोन कंपन्यांमध्ये त्यावर विसंबणे धोक्याचे. युरोपीय लेबलावरील ओल्या पकडीची श्रेणी सरळ रेषेतील ब्रेकिंगवरून ठरते, त्यामुळे वळणावरील पकडीविषयी ती मौन पाळते. टायरच्या झिजेवर मर्यादा घालणारा युरोपचा २०२४ चा ‘युरो ७’ नियम रबराच्या घटलेल्या वजनाचा हिशेब धरतो. रबर तळाच्या कोणत्या भागातून गेले, हे वजनावरून कळत नाही.

म्हणून विश्वसनीय तुलनेत प्रत्येक टायरच्या तळाची खोली आतली कडा, मध्य आणि बाहेरची कडा अशा तीन ठिकाणी नोंदवणे, तसेच जुळवणीचे आकडे, थंड टायरमधील हवेचा दाब व तापमान सोबत देणे आवश्यक ठरते. दोन्ही कडा झिजलेल्या असल्या तर हवा कमी होती, केवळ मध्य झिजला तर हवा जास्त होती, असा सामान्य निष्कर्ष निघतो. खोल नक्षीचे ठोकळे वळणावर अधिक वाकतात. त्यामुळे काहीसा झिजलेला टायर कोरड्या रस्त्यावर नव्यापेक्षा तत्पर भासतो, पण साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. नवा आणि झिजलेला टायर एका तक्त्यात बसवणे याच कारणाने अयोग्य आहे. मोटार उंचीने ठेंगणी असल्याने आतली कडा सहज दिसत नाही. बाहेरून तीन-चार मिमी नक्षी शिल्लक असताना आतून पोलादी तारा उघड्या पडल्याचे प्रकार घडतात, आणि युरोपात १.६ मिमी ही किमान मर्यादा तळाच्या मुख्य खाचांना लागू असल्याने अगदी कडेची ही झीज केवळ खाचा मोजून लक्षात येईलच असे नाही.

भारतात फिरतरोध, ओली पकड व आवाज यांसाठी एआयएस १४२ हे मानक असून ते पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रसिद्ध केले आहे. अतिवेगाच्या चाचण्यांसाठी इंदूरजवळ पीथमपूर येथील नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किमी लांबीचा मार्ग उपलब्ध आहे.