जत्रेतील पाळण्यांचा परवाना : अर्ज नेमका कुठे अडतो

माळेगावच्या खंडोबापासून सोलापूरच्या गड्ड्यापर्यंत आणि तिथून पुढे उन्हाळ्यातील ग्रामदैवतांच्या यात्रांपर्यंत पाळणेवाले गावोगाव फिरत असतात, आणि प्रत्येक मुक्कामी त्यांना परवान्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो. ज्यांचे अर्ज त्रुटी काढून परत येतात त्यांच्यापैकी बहुतेकांना वाटते की कुठल्यातरी टेबलावर आपली अडवणूक झाली. ती होतच नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र मी पाहिलेल्या परत आलेल्या अर्जांत कारणे ठरावीकच असतात, आणि त्यातले सर्वांत मोठे कारण म्हणजे बसणाऱ्याला आसनावर धरून ठेवणारे पट्टे आणि दांडे, व त्यांच्याविषयीचा कागद.

सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी नियम करण्याचा आणि परवाने देण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ मधून येतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात तो आयुक्तांकडे असतो, इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. कागदपत्रांची यादी जिल्ह्यागणिक थोडीफार बदलते, म्हणून शेजारच्या जिल्ह्यात चाललेली फाईल जशीच्या तशी पुढे करू नये. परवाना शाखेतून त्या वर्षीची यादी लेखी घ्यावी. तोंडी सांगितलेल्या यादीत एखादा कागद हमखास राहतो आणि तो नेमका यात्रेच्या आदल्या दिवशी आठवतो.

अर्ज कोणी करायचा, इथेच पहिली गफलत होते. मैदान लिलावात घेणारा ठेकेदार वेगळा असतो, पाळण्याचा मालक वेगळा, आणि यात्रा भरवणारी समिती त्याहून वेगळी. जागेचा आदेश ठेकेदाराच्या नावे, पाळण्याची खरेदीपावती थोरल्या भावाच्या नावे आणि विमा तिसऱ्याच माणसाच्या नावे, अशी फाईल कोणताही लिपिक पुढे पाठवणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. पाळणा चालवून पैसे घेणाऱ्याने स्वतःच्या नावे अर्ज करावा, ठेकेदाराकडून जागा वापरण्याचे संमतिपत्र घ्यावे आणि विम्याच्या कागदावर त्याच नावासह यात्रेचे ठिकाण व तारखा घालून घ्याव्यात. नुसता यंत्राचा विमा इथे उपयोगाचा नाही. बसणाऱ्या लोकांना इजा झाल्यास भरपाई देणारा, सार्वजनिक दायित्वाचा विमा लागतो.

ओळखपत्र, मैदानाचा नकाशा, अग्निशमनाचा दाखला, ध्वनिक्षेपकाची परवानगी (रात्री दहानंतर तो बंद ठेवायचा असतो) या गोष्टी सरळ आहेत आणि त्यांच्यावरून अर्ज सहसा अडत नाही.

विजेचे तसे नाही. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५४ नुसार, शंभर किंवा अधिक माणसे जमण्याची शक्यता असलेल्या जागी वीज वापरायची तर वापर सुरू होण्याच्या किमान सात दिवस आधी विद्युत निरीक्षकांना आणि जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांना लेखी सूचना द्यावी लागते. हे सात दिवस पाळण्याचे दिवे पहिल्यांदा लागतात तिथून मागे मोजायचे असतात, यात्रेच्या मुख्य दिवसापासून नव्हे. चाचणीसाठी पाळणा दोन दिवस आधी फिरवणार असाल तर मुदतही दोन दिवस मागे सरकते. दुसरा गैरसमज असा की महावितरणची तात्पुरती जोडणी मिळाली म्हणजे निरीक्षकांना कळवल्यासारखेच झाले. तसे नाही, आणि जनरेटरवर पाळणा चालवणाऱ्यांनाही यातून सूट नाही. सूचनेची प्रत देऊन आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल सोबत जोडावा.

आता यांत्रिक सुस्थितीच्या प्रमाणपत्राविषयी, जे बहुतेक ठिकाणी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या यांत्रिकी शाखेकडून मागितले जाते. पाळणा उभा राहिल्याखेरीज अभियंता तपासणीला येत नाही, आणि परवानगीशिवाय पाळणा उभा करू नका असे पोलीस सांगतात. या चक्रात माणसे आठवडा आठवडा फिरताना मी पाहिली आहेत. यावर उपाय एवढाच की, मूळ अर्जातच उभारणीची परवानगी आणि चालवण्याची परवानगी अशा दोन वेगळ्या मागण्या स्पष्ट लिहाव्यात आणि तपासणीची तारीखही त्याच दिवशी मागून ठेवावी. मागच्या गावचे प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणले तरी त्याचा उपयोग नाही, कारण पाळणा सुटा करून नव्या जमिनीवर पुन्हा जोडला की तपासणीच्या दृष्टीने तो नवा पाळणा असतो.

तपासणीत सर्वाधिक वेळ जातो तो आसनांवर. संथ फिरणाऱ्या साध्या पाळण्याला आडवा दांडा आणि लागणारी कडी पुरते. ड्रॅगन ट्रेन किंवा छोट्या रोलर कोस्टरवर मात्र उतार संपताना अंग आसनावरून वर उचलले जाते, आणि तिथे प्रत्येकाच्या मांडीवर बसणारा, बसणाऱ्याला स्वतः उघडता न येणारा दांडा हवा. जिथे माणूस उलटा होतो तिथे एक खटका निकामी झाला तरी दुसरा धरून ठेवील अशी दुहेरी व्यवस्था अपेक्षित असते. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत मात्र दोघांत मिळून एकच दांडा असतो. वडील आणि सहा वर्षांची मुलगी शेजारी बसली की दांडा वडिलांच्या पोटाशी अडतो आणि मुलीच्या मांडीवर वीतभर जागा मोकळी राहते. असा दांडा असेल तर प्रत्येक आसनाला स्वतंत्र पट्टा लावून घ्या आणि किमान उंचीचा फलक नुसता टांगू नका, प्रवेशाशी खुणेची काठीही ठेवा. पट्टा ताडपत्री बांधण्याच्या नायलॉनचा चालत नाही, आणि तो आसनाच्या फळीला नव्हे तर लोखंडी सांगाड्याला बोल्टने बसवलेला असावा.

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी तपासणीच्या वेळी मी उभा होतो. अभियंत्यांनी तिसऱ्या डब्यातला दांडा खाली ओढला, खटका वाजला, मालकाने समाधानाने मान हलवली. मग त्यांनी दोन्ही हातांनी दांडा वर रेटला आणि तो काही न वाजता उघडला. खटक्याचे दात झिजून गोल झाले होते. मालकाला हे खरोखरच ठाऊक नव्हते, कारण इतकी वर्षे तो फक्त आवाज ऐकत आला होता. खटका वाजणे किंवा दिवा लागणे म्हणजे माणूस सुरक्षित नव्हे. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतील ऑरलँडो येथे उंचावरून खाली सोडणाऱ्या पाळण्यातून १४ वर्षांचा मुलगा पडून दगावला, तेव्हाही त्याच्या आसनाचा सेन्सर असा हाताने जुळवलेला निघाला की आसन आणि हार्नेस (बसणाऱ्याला धरून ठेवणारी खांद्यावरची चौकट) यांत नेहमीपेक्षा बरेच मोठे अंतर राहूनही यंत्रणेने सर्व ठीक असल्याचे मानले आणि पाळणा सुरू झाला.

जवळपास कोणाकडेच नसलेला कागद म्हणजे निर्मात्याची पुस्तिका, जिच्यात दांड्याचा भार, पट्टा बदलण्याची मुदत आणि बसणाऱ्याचे कमाल वजन दिलेले असते. निम्मे पाळणे जुन्या बाजारातून आलेले, उरलेले स्थानिक फॅब्रिकेशनच्या कारखान्यात बनलेले, तेव्हा पुस्तिका आणायची कुठून, हा मालकांचा प्रश्न रास्त आहे आणि कार्यालयातून त्याला सरळ उत्तर मिळत नाही. व्यवहारात चाललेला मार्ग असा की चार्टर्ड अभियंत्याकडून पाळण्याचे मापांसह रेखाचित्र व भाराची गणिते करून घ्यावीत, मुख्य शाफ्ट आणि आसनांच्या वेल्डची डाय पेनिट्रंट चाचणी (रंगीत द्रव लावून डोळ्यांना न दिसणारे तडे शोधण्याची) करून अहवाल घ्यावा, आणि प्रत्येक आसनाला क्रमांक पाडून कोणत्या आसनाचा पट्टा कधी बदलला याची वही ठेवावी. हे काम यात्रेच्या तोंडावर होत नाही. ते पावसाळ्यात, पाळणा सुटा होऊन गोदामात पडलेला असताना करावे. खर्च एकदाच होतो आणि ही फाईल पुढे प्रत्येक गावी जोडता येते.

त्रुटीपत्र आले तर वाद न घालता प्रत्येक मुद्द्यासमोर उत्तर व जोडलेल्या कागदाचे पान लिहून परत द्यावे. गर्दी चांगली असल्याने समितीने यात्रा दोन दिवस वाढवली तर परवाना आपोआप वाढत नाही. परवाना आणि विमा या दोन्हींच्या मुदतवाढीचे अर्ज मूळ मुदत संपण्यापूर्वी द्यावे लागतात, आणि शेवटचा दिवस रविवार असेल तर ते शुक्रवारीच द्यावेत.