खारा थेंब आणि गाडीवरचा ओरखडा

गणपतीला गावी आणलेली गाडी अरुंद पाणंदीत वळवताना जांभ्याच्या गडग्याला घासली, की सल्ला ठरलेला असतो: "आता पाऊस आहे, कव्हर घालून ठेवा, मुंबईला गेल्यावर बघू." त्यामागे दोन समजुती असतात. ओरखडा म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न, आणि गंज चढतो तो पावसाच्या पाण्याने. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यासारख्या समुद्रकाठच्या गावांत या दोन्ही चुकीच्या ठरतात.

आधी ओरखडा किती खोल गेलाय ते बघायचं. कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त. वर पारदर्शक क्लिअर कोट, खाली प्रत्यक्ष रंग, मग प्रायमर आणि तळाशी विजेच्या साहाय्याने पत्र्यावर बसवलेला जेमतेम २० मायक्रॉनचा थर. नख फिरवून ते अडकलं नाही तर ओरखडा क्लिअर कोटातच आहे. रबिंग कंपाउंडने, म्हणजे रंग घासून चकाकवणाऱ्या पेस्टने, तो जातो. टूथपेस्टचे व्हिडिओ खरे वाटतात ते अशाच ओरखड्यांवर, कारण टूथपेस्टमध्येही घासणारे बारीक कण असतात. पत्रा उघडा पडला असेल तिथे तिचा काडीचा उपयोग नाही. बंपर प्लास्टिकचा, त्यामुळे तिथे गंजाची भीतीच नको. पण दारावर किंवा मडगार्डवर चकचकीत चंदेरी रेघ दिसली, तर तिच्याकडे त्याच दिवशी लक्ष द्यायला हवं.

कारण हवेतलं मीठ. लाटा फुटताना पाण्यातले बुडबुडे फुटतात आणि खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर गावात येतात. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतूनच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. त्याला साधारण ३३ टक्के पुरतात. बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. म्हणजे पाऊस पडला नाही तरी पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा असतोच. उलट जोराच्या सरी मीठ धुऊन नेतात, आणि किनाऱ्यावर जास्त गंजतात ते पाऊस न लागणारे कोपरे: मडगार्डची आतली बाजू, दाराची खालची कड. आधी गाडी न धुता कव्हर घातलं, तर अख्ख्या गाडीचाच तसा कोपरा होतो.

आता या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग. केंब्रिज विद्यापीठातले गंजाचे अभ्यासक यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात स्वच्छ पोलादावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. त्या पाण्यात दोन दर्शक मिसळले होते: लोखंड विरघळू लागलं की निळा होणारा पोटॅशियम फेरिसायनाइड आणि अल्कली तयार झाली की गुलाबी होणारा फिनॉल्फ्थॅलिन. थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा झाला आणि कड गुलाबी. कडेला पाणी उथळ असतं, तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्यभागी तो कमी पडतो. या फरकामुळे एका थेंबात विजेचा घट तयार होतो. मध्यभागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेकडे धावतात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्यापासून हायड्रॉक्साइड, म्हणजेच कड गुलाबी करणारी अल्कली, बनवतात. मीठ वीज वाहून नेतं, म्हणून हा घट गोड्या पाण्यापेक्षा जोरात चालतो. लाल गंज साचतो तो या दोन भागांच्या मधे. म्हणजे जिथे ऑक्सिजन कमी, तिथेच लोखंड जास्त खाल्लं जातं!

हेच ओरखड्यावर लावून पाहा. सुरुवातीला उघडा पत्रा विरघळतो, आणि त्याचे इलेक्ट्रॉन रंगाच्या कडेखाली पोचतात. रंगातून झिरपलेला ऑक्सिजन तिथे हायड्रॉक्साइड बनवतो आणि त्या अल्कलीने रंग व पत्रा यांची पकड सुटते. पुढे ओरखडा गंजाने भरला की सुटलेल्या रंगाखालच्या कोंदट जागेत ऑक्सिजन तुटतो, आणि आता ती जागा थेंबाच्या मध्यासारखी वागू लागते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने रंग फुगून फोड येतो. तो दिसेपर्यंत आतली वाट बरीच पुढे गेलेली असते.

म्हणून गंजावर थेट पुट्टी भरून रंग मारणाऱ्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला मी ठामपणे नको म्हणेन. पुट्टी ओल शोषते आणि मीठ आतच राहतं. आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं, मग फोडाच्या पलीकडे घट्ट रंग लागेपर्यंत पॉलिश पेपरने घासायचं, पत्रा पूर्ण चकचकीत व्हायला हवा. पुन्हा धुऊन, सुकवून लगेच एपॉक्सी प्रायमर. पुट्टी लागलीच तर त्यावर, मग गाडीच्या कलर कोडप्रमाणे रंग आणि क्लिअर कोट.

बॉनेटपुढे गाऱ्हाणं घालून नारळ फोडण्यात श्रद्धा आहे, ती मला कळते. पण आरशाला लिंबू-मिरची टांगली की गाडीला काही होत नाही असं सांगणं म्हणजे माणसाला धुण्या-पुसण्यापासून दूर ठेवणं. रंगावर चढवायच्या '९एच' सिरॅमिक कोटिंगच्या संरक्षक थराची जाहिरातही तितकीच फसवी वाटते. ९एच हा पेन्सिलीच्या कठीणपणाचा आकडा आहे. वाळूतला क्वार्ट्झ त्या थरालाही ओरखडा पाडतो.

भर पावसाळ्यात पूर्ण दार रंगवण्याची घाई मात्र करू नये. थिनर उडताना रंगाचा पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढरा पडतो. ते काम कोरड्या हवेत, दिवाळीनंतर करावं. तोवर उघड्या पत्र्यावर प्रायमर आणि टचअपच्या बाटलीतला रंग एवढं असलं, की गाडी खाऱ्या वाऱ्यात निर्धास्त उभी करता येते.