भिजलेला सर्व्हर आणि बटणाचा मोह

एसीचा निचऱ्याचा पाइप तुंबतो, छतातून पाणी ठिबकतं आणि रॅकमधला सर्व्हर भिजतो. मग कोणीतरी फडक्याने पाणी टिपतं आणि ‘चालतोय का बघू’ म्हणत बटण दाबतं. पाण्यातून वाचलेली कितीतरी यंत्रं त्या बटणाने मरतात.

शुद्ध पाणी विजेचं अगदी सुमार वाहक आहे. चिप बनवणाऱ्या कारखान्यांत सिलिकॉनच्या चकत्या पाण्यानेच धुतात. त्या पाण्याची रोधकता, म्हणजे वीज अडवण्याचा गुण, सुमारे १८ मेगाओम-सेंटिमीटर असते. घात करतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. छतातून झिरपताना पाणी सिमेंट, धूळ, गंज असं सगळं सोबत घेऊन येतं. मदरबोर्डवर, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य पाटीवर, दोन तांब्याच्या रेघांमध्ये मिलिमीटरच्या अंशाएवढंच अंतर असतं. त्यावर असा खारट थेंब बसला आणि रेघांमध्ये काही व्होल्टचा फरक असला, की शाळेतला मुलामा देण्याचा प्रयोगच सुरू होतो. धन बाजूचं तांबं विरघळतं आणि ऋण बाजूवर जाऊन बसतं. तिथून नेच्याच्या पानासारख्या बारीक फांद्या फुटतात. एखादी फांदी समोरच्या रेघेला टेकली की शॉर्ट! याला काही मिनिटं पुरतात. वीज नसेल तर गंज चढतो, पण सावकाश.

म्हणून आधी वीज तोडायची, आणि इथेच फसगत होते. सर्व्हर ‘बंद’ केला तरी बंद नसतो. त्याच्या बोर्डावर बीएमसी नावाचा छोटा स्वतंत्र संगणक असतो, दुरून देखरेख करता यावी म्हणून तो स्टँडबाय विजेवर अखंड जागा राहतो. शिवाय पॉवर सप्लाय बहुधा दोन असतात; एकच वायर उपटून समाधान मानू नका. ओल्या रॅकला हात लावण्याआधी वीज मुख्य ब्रेकरवरूनच बंद करावी. मग बोर्डावरचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेलही काढावा. पॉवर सप्लाय मात्र उघडू नये: आतला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, सुमारे ४०० व्होल्ट धरून असतो. भिजलेला सप्लाय सरळ बदलावा.

नुसतं वाळवणं पुरत नाही. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात, हवेतला दमटपणा शोषतात आणि दुरुस्त झालेला सर्व्हर महिन्याभराने उगाचच मेल्यासारखा वाटतो. त्यामुळे वाळवण्याआधी धुवायचं, आधी डिस्टिल्ड पाण्याने, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे ७२ मिलिन्यूटन, अल्कोहोलचा जेमतेम २२. म्हणून ते चिपच्या पोटाखालच्या फटीतही शिरतं आणि तिथलं पाणी घेऊन बाहेर येतं. अल्कोहोल पेट घेऊ शकतं, म्हणून खोली हवेशीर हवी. हेअर ड्रायरचा झोत पाणी आणखी आत ढकलतो. साधा पंखा आणि एक-दोन दिवस थांबण्याची तयारी, हे बरं.

सर्व्हर पडला किंवा आपटला असेल तर तऱ्हा वेगळी. बोर्ड वाकला की तांदळाच्या दाण्याहून लहान सिरॅमिक कपॅसिटर आतून तडकतात. बाहेरून काही दिसत नाही, पण आत शॉर्ट असतो. प्रोसेसरच्या सॉकेटात हजारो नाजूक स्प्रिंग-पिना असतात. त्यातली एक वाकली तरी रॅमची एखादी पट्टी दिसेनाशी होते आणि माणूस रॅम बदलत बसतो. आधी टॉर्च तिरका धरून पिनांच्या ओळी पाहाव्यात. वाकडी पिन वेगळी चमकते.

वीज देण्याआधी मल्टिमीटरने १२ व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजावा. तो शून्याला टेकला असेल तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबायचं. तसं नसेल तर एक प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी, बाकी काही नाही, एवढ्यावर चालू करून पाहायचं. मग एकेक भाग वाढवत जायचं. हे कंटाळवाणं आहे खरं, पण सगळं एकदम जोडलं तर दोष कोणाचा हे कळत नाही. बीएमसी जिवंत असेल तर त्याचा लॉग, म्हणजे त्याने ठेवलेली नोंद, आधी वाचावा. कोणता व्होल्टेज घसरला, कोणता स्लॉट रुसला, हे तिथे सापडू शकतं. संशयित भाग मात्र धडधाकट सर्व्हरमध्ये घालून बघू नये. शॉर्ट झालेलं कार्ड दुसराही बोर्ड निकामी करू शकतं.

वीज तोडल्यावर डिस्क सर्वांत आधी काढून ठेवाव्यात, कोणती कुठल्या खणात होती ते लिहून. हार्ड डिस्कचं हेड चकतीवर जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. वाळलेल्या पाण्याचा डाग त्याच्यासाठी डोंगर. २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयान कोसळलं, तेव्हा त्यातली एक हार्ड डिस्क कोरड्या तळ्याच्या पात्रात जळालेल्या अवस्थेत सापडली. तिच्यातली सुमारे ९९ टक्के माहिती पुढे परत मिळाली. तज्ज्ञांनी ती डिस्क आहे तशी चालू केली नव्हती. चकत्या बाहेर काढल्या, साफ केल्या आणि दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या.