गर्भारपणातील गुंतागुंत आणि पुढील आयुष्यातील उच्च रक्तदाब

गरोदरपणी रक्तदाब वाढणे, दिवस भरण्याआधीच प्रसूती होणे, पोटात बाळाची वाढ खुंटणे, वार (प्लॅसेंटा) वेळेआधी सुटणे किंवा गर्भारपणातला मधुमेह होणे, यांपैकी काही घडलेल्या स्त्रियांना पुढे कायमचा उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा जास्त असते. हा संबंध सर्वांत ठळक दिसतो तो प्री-एक्लॅम्प्सिया या विकारात, म्हणून या नोंदीचा भर त्यावरच आहे.

आधी रक्तदाब ठीक असलेल्या स्त्रीचा रक्तदाब गर्भारपणाच्या 20 आठवड्यांनंतर 140/90 किंवा त्याहून वर गेला आणि जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) यांवर परिणाम दिसला, तर त्याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. नुसताच रक्तदाब वाढला तर तो गर्भारपणातला उच्च रक्तदाब. घरातल्या बोलण्यात दोन्हींचे वर्णन ‘नवव्या महिन्यात बीपी वाढलं होतं’ एवढ्यावरच संपते. झटके आले की एक्लॅम्प्सिया. हे नाव अचानक लखलखणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. जगभरातील सुमारे 2 ते 8 टक्के गर्भारपणांत प्री-एक्लॅम्प्सिया होतो आणि पहिलटकरणींत त्याचे प्रमाण जास्त असते.

बिघाडाची सुरुवात वारेत होते. एरवी वार रुजताना गर्भाशयाच्या भिंतीतील पिळदार धमन्या सैल आणि रुंद होतात, त्यामुळे बाळाला भरपूर रक्त मिळते. त्या अरुंदच राहिल्या तर वारेची उपासमार होते आणि ती आईच्या रक्तात काही द्रव्ये सोडू लागते. त्यांपैकी ‘एसएफएलटी-1’ या प्रथिनाची भूमिका बॉस्टनमधील अनंत करुमांची यांच्या गटाने 2003 मध्ये दाखवली. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर निरोगी ठेवणारे वाढघटक हे प्रथिन शोषून घेते. अस्तर बिघडले की वाहिन्या आवळतात आणि दाब चढतो.

वार बाहेर पडली की रोग उतरणीला लागतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात दाब पुन्हा उसळी घेऊ शकतो, झटकेही येऊ शकतात. पण बहुतेकींचा दाब 12 आठवड्यांत खाली येतो. त्यामुळे ‘बाळंतपण झाले, बीपी गेले’ हा समज केवळ घरांत नव्हे, वैद्यकातही कित्येक दशके टिकून होता. त्याला भक्कम आधारही होता. अमेरिकेतील लिऑन चेस्ली यांनी जर्सी सिटीच्या एका प्रसूतिगृहात 1931 ते 1951 दरम्यान एक्लॅम्प्सियातून वाचलेल्या 270 स्त्रियांचा माग 1970 च्या दशकापर्यंत चिकाटीने काढला. पहिल्या खेपेला झटके आलेल्या गोऱ्या स्त्रियांचे पुढचे आयुर्मान फारसे घटलेले नाही असे त्यांना आढळले, म्हणून एक्लॅम्प्सियामुळे कायमचा उच्च रक्तदाब होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दुसऱ्या किंवा पुढच्या खेपेला झटके आलेल्यांचे चित्र मात्र त्यांच्याच नोंदीत बरेच वाईट होते. तिकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

मोठ्या लोकसंख्येच्या नोंदी हाती आल्यावर चित्र पालटले. 2007 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात, प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांत सरासरी 14 वर्षांनंतर उच्च रक्तदाबाचे प्रमाण 3.7 पट आढळले. हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण साधारण दुप्पट होते. डेन्मार्कमधील 2017 च्या अभ्यासाने काळाचा हिशेबही मांडला. गर्भारपणात रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांपैकी, वयोगटानुसार, 14 ते 32 टक्के जणींना पहिल्या दहा वर्षांतच उच्च रक्तदाब जडला; इतर स्त्रियांत हे प्रमाण 4 ते 11 टक्के होते. म्हणजे हा म्हातारपणीचा प्रश्न नाही, मूल प्राथमिक शाळेत असतानाचा आहे. विकार 34 आठवड्यांच्या आत सुरू झाला किंवा दुसऱ्या खेपेलाही झाला, तर धोका आणखी वाढतो.

असे का होते याची दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की गर्भारपण ही हृदय आणि रक्तवाहिन्यांची परीक्षा असते. रक्ताचे आकारमान जवळजवळ निम्म्याने वाढते आणि मुळातले कच्चेपण त्या भारात उघडे पडते. दुसरे असे की तो आजारच वाहिन्यांना आणि हृदयाच्या स्नायूला इजा करून जातो. बाजू घेऊन वाद घालण्याइतका हा प्रश्न सरळ नाही. एकाच स्त्रीत दोन्ही गोष्टी घडू शकतात. दुसऱ्या उत्तराच्या बाजूने अलीकडे वजन पडले ते ऑक्सफर्डच्या एका चाचणीमुळे (2023). तिच्यात 220 बाळंतिणींचा समावेश होता. ज्यांनी घरी दाब मोजून त्यानुसार डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध कमी-जास्त केले, त्यांचा खालचा दाब नऊ महिन्यांनी इतरांपेक्षा सुमारे 6 अंकांनी कमी होता. औषधे थांबल्यावरही फरक टिकला. बाळंतपणानंतरचे काही आठवडे हाताळण्याजोगे असतात, असा याचा अर्थ लागतो.

तीव्र दाब असलेल्यांनी प्रसूतीनंतर 72 तासांत आणि इतर बाधित स्त्रियांनी 7 ते 10 दिवसांत तपासणी करून घ्यावी, आणि पुढे दरवर्षी दाब, साखर व कोलेस्टेरॉल पाहावे, असा सल्ला दिला जातो. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, एनालाप्रिल ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली अंगावर पाजतानाही चालतात; एनालाप्रिल गर्भारपणात मात्र वर्ज्य आहे. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या दाब वाढवू शकतात, म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी हा पूर्वेतिहास सांगणे गरजेचे ठरते.

महाराष्ट्रात एक वेगळीच अडचण आहे. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि प्री-एक्लॅम्प्सियाही बहुधा पहिल्याच खेपेला होतो, त्यामुळे फाइल एका गावात आणि बाई दुसऱ्या गावात. आशा कार्यकर्तीच्या बाळंतिणीसाठीच्या घरभेटी 42 व्या दिवशी संपतात, म्हणजे साधारण सवा महिना सरताना. सरकारी कार्यक्रमातील रक्तदाबाची सरसकट तपासणी वयाच्या तिशीपासून सुरू होते. बाविसाव्या वर्षी बाळंत झालेल्या बाईचा दाब मधल्या आठ वर्षांत कोणी मोजेलच असे नाही. दुसऱ्यांदा दिवस गेले तरच. माता-बाल संरक्षण कार्डावर रक्तदाबाची नोंद असते आणि ते कार्ड जपूनही ठेवलेले असते, पण बाळाच्या लशींसाठी.

दुसऱ्या खेपेला हीच नोंद कामाची ठरते. आधी प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रीला 16 आठवड्यांच्या आत, शक्यतो 12 व्या आठवड्यापासूनच, कमी मात्रेचे ॲस्पिरिन सुरू करतात. डॉक्टरांना आधीचे माहीत नसेल तर ती वेळ निघून जाते.