गर्भारपणातला दाह आणि मुलांचा रक्तदाब : पार्श्वभूमी

प्रौढपणी जडणाऱ्या हृदयविकाराचे मूळ गर्भावस्थेत असू शकते, या विचाराला भक्कम आधार मिळाला तो इंग्लंडमधील हर्टफर्डशायरच्या जुन्या नोंदवह्यांमुळे. १९११ पासून तिथल्या आरोग्यसेविका बाळाचे जन्माचे वजन, वर्षाचे झाल्यावरचे वजन आणि ते अंगावर पीत होते की बाटलीने, हे लिहून ठेवत असत. साउथॅम्प्टनचे साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये या नोंदी मृत्यूच्या नोंदींशी पडताळल्या, तेव्हा पहिल्या वाढदिवशी वजन कमी भरलेल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू अधिक आढळले. बार्कर यांचा रोख मुख्यतः कुपोषणावर होता, आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये सहा खेड्यांत सुरू केलेला अभ्यासही मातेच्या पोषणाचाच होता.

मूत्रपिंडाचा दुवा अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर यांनी १९८८ मध्ये पुढे आणला होता. रक्त गाळणारे नेफ्रॉन गर्भाच्या सुमारे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंतच घडतात. पूर्ण दिवसांच्या बाळात त्यानंतर नवा नेफ्रॉन तयार होत नाही. मुळातच ते कमी असतील, तर प्रत्येकावर जादा भार येतो, मीठ बाहेर टाकण्याची क्षमता घटते, रक्तदाब वाढतो आणि वाढलेला दाब उरलेल्या नेफ्रॉनना इजा करतो. २००३ मध्ये जर्मनीत अपघाती मृत्यू आलेल्यांची मूत्रपिंडे तपासली गेली, तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्यांत नेफ्रॉन इतरांच्या निम्म्याच्या आसपास निघाले.

मात्र सगळेच आहाराने उलगडत नव्हते. इथे संशय आला तो दाहावर, म्हणजे संसर्ग किंवा इजा झाल्यावर शरीराची प्रतिकारयंत्रणा जी प्रतिक्रिया देते तिच्यावर. १९१८ च्या फ्लूच्या साथीत आईच्या पोटात असलेल्या अमेरिकी मुलांमध्ये साठीनंतर हृदयविकाराचे प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक वाढलेले दिसले. माझ्या मते निर्णायक ठरला तो २००४ मधला स्वीडनचा प्रयोग : गाभण उंदरिणींना कोणताही जंतुसंसर्ग न करता दाहाचा निरोप वाहणारे इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन टोचले, तरी पिल्ले मोठेपणी उच्च रक्तदाबाची झाली. पुढे चीनमध्ये जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटक टोचून केलेल्या प्रयोगांतही पिल्लांचा रक्तदाब वाढला आणि त्यांच्या मूत्रपिंडातील रेनिन-अँजिओटेन्सिन यंत्रणा, म्हणजे रक्तदाब आणि मीठ-पाण्याचा तोल सांभाळणारी संप्रेरकांची साखळी, बिघडलेली आढळली.

माणसांत हे इतके स्वच्छ दाखवता येत नाही, कारण दाहासोबत अपुऱ्या दिवसांची प्रसूती, लठ्ठपणा, गरिबी असे बरेच काही येते. तरीही दाहाशी जवळून जोडलेला प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याचा विकार) ज्या मातांना झाला, त्यांच्या मुलांचा वरचा रक्तदाब सरासरी दोनेक मिलिमीटरने अधिक भरतो, आणि ही वाढ बालपणातच मोजता येते.